तुरुंगाच्या नळांचा नकाशा

मामा तुरुंगात गेला आणि तिसऱ्याच महिन्यात त्याची बढती झाली. अंगण झाडणारा कैदी म्हणून आत गेलेला माणूस नळदुरुस्ती विभागाचा प्रमुख झाला. त्या विभागात तो एकटाच होता, त्यामुळे प्रमुखपदासाठी चुरस वगैरे काही झाली नाही.

मामाचा गुन्हा खरा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुरुंगातल्या माणसाबद्दल वाचताना तो निर्दोष निघाला तर बरं, असं सगळ्यांनाच वाटत असतं. मामा प्लंबर. एका इमारतीच्या कामावर मुकादमाशी भांडण झालं, मामाच्या हातात दीड फुटी पाइप पाना होता, आणि मुकादम दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला तो परत आला नाही. त्याला दोन मुली होत्या. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा मामानं सरळ सांगितलं, की मारलं मीच, रागात मारलं. त्याच्या वकिलानं डोक्याला हात लावला. जन्मठेप झाली. सरकारनं तो पाना पुरावा म्हणून सीलबंद करून ठेवला आणि तीन महिन्यांनी त्याच मापाचा दुसरा पाना, सही घेऊन, मामाच्या हातात दिला. दाढीचं पातं मात्र त्याला कधीच मिळालं नाही, ते नियमात बसत नव्हतं.

त्याचं असं झालं, की बराक चारला अकरा दिवस पाणी नव्हतं. बाहेरून आलेल्या प्लंबरनं तीन खड्डे खणले आणि पाइप सापडत नाही म्हणून तो निघून गेला. तुरुंग शंभरेक वर्षांचा. ज्याला जशी गरज पडली तशी त्यानं पाइपाला पाइप जोडत नेलेला, आणि मूळ कागद वाळवीनं खाल्लेले. मामा तिथेच झाडू मारत होता. त्यानं झाडू बाजूला ठेवला, भिंतीला कान लावला, चार पावलं सरकून परत लावला आणि म्हणाला, इथं खणा. तिथं पाइप होता. त्या दिवसापासून तुरुंगाच्या पाण्याचा नकाशा मामाच्या डोक्यात तयार व्हायला लागला आणि दुसरा कुठेही नव्हता.

त्या पाण्याचं मोल बाहेरून कळत नाही. सहाशे माणसांसाठी बांधलेल्या जागेत चौदाशे राहत होते. बराक चारमध्ये साठ जणांच्या जागी एकशे सत्तर. सगळे एकाच कुशीवर झोपत. कोणाला कूस बदलायची असेल तर शेजाऱ्याला सांगायचं, त्यानं पुढच्याला, आणि मग अख्खी रांग वळायची. संडास दोन. पाणी सकाळी अर्धा तास. दाराशी काचेच्या चौकटीत कैद्यांच्या हक्कांचा तक्ता लावलेला होता, त्यात पुरेशा पाण्याचं कलम तिसरं होतं. पण तक्त्यावरची अक्षरं पुसट झालेली, कारण वरच्या छतातून त्याच्यावर पाणी गळायचं. त्या बराकीत चोवीस तास येणारं पाणी तेवढंच.

तिथेच तात्या होते. सत्तरी ओलांडलेली, जन्मठेपेचं सत्ताविसावं वर्ष. आपण कशासाठी आत आहोत हे ते विसरले होते. सरकार विसरलं नव्हतं. त्यांचं अंथरूण रोज धुवावं लागायचं, आणि त्याला दोन बादल्या पाणी जास्त लागायचं. ते कुठून आणायचं हा मामाचा प्रश्न होता, कारण तात्यांचं अंथरूण मामाच्या शेजारी होतं.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असा लोकांचा समज आहे. आमच्या घरातही होता. मामी तेरा वर्षं तो धरून बसली होती. तिची दोन खोल्यांची जागा, पुढच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करायचं टेबल, मागच्या खोलीत चूल आणि पलंग. चौदावं लागलं तेव्हा तिनं मागच्या खोलीला रंग काढला. मग कळलं, की चौदा वर्षांनी दार उघडत नाही, फाईल उघडते. ती समितीपुढे जाते, आणि समिती तुरुंगाच्या अधीक्षकांना विचारते, की हा माणूस कसा आहे.

अधीक्षक सज्जन होते. त्यांनी मनापासून लिहिलं: वर्तणूक उत्कृष्ट, सदर कैदी कारागृहाच्या पाणीपुरवठ्यासाठी अत्यावश्यक आहे. समितीनं वाचलं आणि अत्यावश्यक माणसाला काढून कारागृहाची गैरसोय कशाला करायची, म्हणून फाईल तीन वर्षांनी परत ठेवायला सांगितली. अधीक्षकांनाही वाईट वाटलं. त्यांना वाटलं होतं, आपण शिफारस केली.

पुढच्या भेटीला मी मामीबरोबर गेलो होतो. मध्ये दुहेरी जाळी, अलीकडे आम्ही वीस जण, पलीकडे ते वीस, आणि सगळे एकाच वेळी बोलणारे. मामीनं जाळीला तोंड लावून त्याला समजावलं, की जरा वाईट काम करत जा. एखादा सांधा सैल ठेवा. म्हणजे अत्यावश्यक तरी राहणार नाही.

"आणि पाणी कोणाचं जाईल?" मामा म्हणाला. "साहेबांच्या बंगल्याची लाइन वेगळी आहे."

सतराव्या वर्षी परत तेच झालं. शेरा तोच, फक्त टंकलेखनाऐवजी आता संगणकावर होता, आणि जुना मजकूर उचलून नव्या तारखेखाली ठेवल्यासारखा दिसत होता. मी तोवर ड्राफ्ट्समनची पदविका घेऊन नोकरीला लागलो होतो, त्यामुळे असा उचललेला मजकूर मला ओळखू येतो.

मग अधीक्षक बदलले. नवे व्यवहारी होते. त्यांनी मामाला ऑफिसात बोलावलं, बसायला सांगितलं नाही, पण तोडगा सांगितला. दुसरा माणूस तयार कर, मी शेरा बदलतो. अट एकच. माणूस जन्मठेपेचा हवा. दोन-तीन वर्षांवाल्याला शिकवलं की तो सुटून जातो आणि शिकवणं वाया जातं. आम्हाला टिकणारा माणूस लागतो, असं ते म्हणाले.

टिकणारा माणूस सापडला. बराकीत सगळे त्याला घड्याळजी म्हणत, कारण बाहेर तो घड्याळं दुरुस्त करायचा. चाळिशीचा, जन्मठेपेचं तिसरं वर्ष. मामानं त्याला पंधरा दिवस बरोबर फिरवलं. सोळाव्या दिवशी घड्याळजीनं आपणहून भिंतीला कान लावला आणि म्हणाला, मागे दोन लाइनी आहेत, एक कोरडी. बरोबर होतं. मामानं त्याच दिवशी शिकवणं थांबवलं.

भेटीत मामीनं मामाला कारण विचारलं.

"हात फार चांगला आहे त्याचा," तो म्हणाला. "मी शिकवला तर गेला बिचारा. त्यालाही बायको आहे."

त्या दिवशी परत येताना घराजवळ आल्यावर मामी म्हणाली, की तुझ्या मामाला दुसऱ्यांच्या बायका बऱ्या आठवतात.

इथं माझ्या हातून चूक झाली. मी चुकलो ते शिक्षणामुळे. मला वाटलं, प्रश्न माणसाचा नाहीच, कागदाचा आहे. मामाच्या डोक्यातला नकाशा कागदावर आला, तर कोणताही प्लंबर ते काम करू शकेल. मामाही नको, घड्याळजीही नको. मी त्याला पत्र लिहिलं. नकाशा कसा काढायचा, माप कसं धरायचं, आणि खाली खुणांची यादी: समोरासमोर टेकलेले दोन त्रिकोण म्हणजे व्हॉल्व्ह, गोल म्हणजे टाकी, तुटक रेघ म्हणजे जमिनीखालचा पाइप. आमच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात शिकवतात तीच यादी. पत्र तुरुंगात उघडून वाचतात हे मला माहीत होतं. आत लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी काळजी केली नाही.

मामानं सात महिने काम केलं. शिध्याच्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या बाजूला एकेक भाग काढायचा आणि अकरा कागद पिठाच्या खळीनं जोडायचे. साहेबांना विचारून घ्यावं असं त्याला सुचलं नाही असं नाही. पण अर्धवट काम दाखवायचं नाही, ही त्याची जुनी खोड. पूर्ण झाला की नेऊन टेबलावर ठेवायचा, असं त्यानं ठरवलं होतं. तोवर कागद कोरडा राहावा म्हणून तो अंथरुणाखाली ठेवायचा.

झडतीत तो तिथेच सापडला.

आरोपपत्र मी नंतर पाहिलं. कारागृहाचा तपशीलवार नकाशा, सांकेतिक खुणांसह, अंथरुणाखाली लपवून ठेवलेला, खुणा बाहेरून भाच्यानं पुरवल्या, हेतू पलायन. बेत पाइपांच्या मार्गानं पळून जाण्याचा असावा, असाही तर्क होता. मामाला लेखी उत्तर द्यायला सांगितलं. त्यानं लिहिलं: "सर्वांत मोठा पाइप सहा इंची आहे. त्यातून माझा एक हात बाहेर जाईल. बाकीचा मी आतच राहीन." उत्तर उद्धट ठरवण्यात आलं.

त्याला वेगळ्या कोठडीत टाकलं. नकाशावर गोपनीय असा शिक्का मारून तो कपाटात ठेवला. माझी भेट सहा महिने बंद. आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेत मिळणाऱ्या माफीतले मामाचे नव्वद दिवस कापले. जन्मठेपेला शेवटची तारीख नसते. त्यामुळे हे नव्वद दिवस नेमके कशातून कापले, हे गणित मी अजून सोडवतोय. फाईलवर आता दोन्ही रकाने पूर्ण झाले होते. आधी वर्तणूक चांगली होती पण माणूस हवा होता. आता माणूस नको होता, तर वर्तणूक वाईट होती.

बाकी कारागृहाला काही फरक पडला नाही. फरक बराक चारला पडला. नवव्या दिवशी तिथला मुख्य व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकला. घड्याळजीला त्याचं सगळं शिकवून झालेलं नव्हतं, आणि आता त्याला पाना द्यायलाही कोणी तयार नव्हतं, न जाणो त्याचाही काही बेत असला तर.

तेव्हा पहाऱ्यावरचा जमादार मामाच्या कोठडीशी यायला लागला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, नियमाला घाबरणारा माणूस. वेगळ्या कोठडीतल्या कैद्याशी कामाचं बोलायला बंदी होती. म्हणून तो गजांकडे पाठ करून उभा राहायचा आणि समोरच्या भिंतीशी बोलायचा.

"समजा, एखाद्याच्या टाकीतनं पाणी येतंय," तो भिंतीला सांगायचा, "पण दवाखान्याच्या नळाला पोचत नाही. तर त्या माणसानं काय करावं?"

"त्या माणसानं स्वयंपाकघरामागची चावी दोन वेढे सैल करावी," मामाही भिंतीलाच सांगायचा. "आणि वॉशर बदलावा. गेल्या वर्षी सांगितलं होतं त्या माणसाला."

अशानं बाकीच्या बराकी तगल्या. चारच्या व्हॉल्व्हला मात्र हातच लागायला हवा होता. तीन आठवडे तिथले लोक अंगणातल्या टाकीतून बादल्या वाहत होते. ज्याच्यात जोर त्याला पाणी. तात्यांची धुणी थांबली, त्यांच्या पाठीला जखमा झाल्या. दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून तीनदा यायचे आणि जखम स्वच्छ पाण्यानं धुवा असं लिहून द्यायचे.

हे मामीला बाहेर, भेटीच्या रांगेत, घड्याळजीच्या बायकोकडून कळलं. मी मानवी हक्क आयोगाकडे चार पानी अर्ज केला, कलमांचे क्रमांक घालून. मामीनं वेगळा एक केला, इस्त्रीच्या टेबलावर, हिशेबाच्या वहीचं पान फाडून. माझे मालक पळून जायला निघाले होते असं म्हणतात, तो पाइप एकदा येऊन मोजा, एवढंच लिहिलं. माझ्या अर्जाची पोच आली. तिच्या अर्जावर माणूस आला.

म्हणजे बाई आल्या. आयोगाच्या सदस्य, निवृत्त न्यायाधीश, गुडघा दुखतो म्हणून हातात काठी. सकाळी अकराला आल्या आणि चहा नको म्हणाल्या, तेव्हाच ऑफिसात सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी आरोपपत्र वाचलं, उत्तर वाचलं आणि मोजपट्टी मागितली. सहा इंच भरले. मग नकाशा पलायनाचा आहे की पाण्याचा, हे बघायचा त्यांनी साधा उपाय काढला. बाहेरचा प्लंबर बोलवा, नकाशा त्याच्या हातात द्या, बराक चारला पाणी आलं तर प्रश्न मिटला. नकाशा निर्दोष आणि माणूसही अत्यावश्यक नाही. अधीक्षकांनी लगेच मान्य केलं. त्यांनी आपली एक अट घातली: मामानं बाजूला उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. तो बोलला तर नकाशा अपुरा, आणि आमचा शेरा खरा.

मामाला कोठडीतून काढून भिंतीशी उभं केलं. त्याला अट नीट दोनदा सांगितली.

प्लंबर तरुण, चटपटीत होता. त्यानं नकाशा जमिनीवर पसरला, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून चौदा फूट मोजले, फरशी उचलली आणि खाली व्हॉल्व्ह दिसला. बाईंनी अधीक्षकांकडे पाहिलं. अधीक्षकांनी फरशीकडे. प्लंबरनं पाना लावला, जोर मिळावा म्हणून पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि सगळे व्हॉल्व्ह ज्या बाजूनं उघडतात त्या बाजूला फिरवायला घेतलं. व्हॉल्व्ह करकरला.

तो उलट्या आट्यांचा होता. शंभर वर्षांपूर्वी कोणी बसवला देव जाणे, तो उघडायच्या बाजूनं बंद व्हायचा. मामाला हे एकोणीस वर्षं माहीत होतं, म्हणजे त्याच्या हाताला माहीत होतं. कागदावर लिहायचं राहून गेलं होतं. आणखी दोन वेढ्यांत आतला दांडा मोडला असता, आणि मग बराक चारला महिनाभर पाणी नव्हतं.

"पहिल्यांदा करकरला तेव्हा गप्प राहिलो," मामा आम्हाला नंतर म्हणाला. "दुसऱ्यांदाही राहिलो. दुसऱ्यांदा हिचाच विचार केला, अगदी शपथेवर."

तिसऱ्यांदा तो बोलला.

"थांबा. उलटा आहे तो."

प्लंबरचा हात थांबला. अधीक्षकांनी सुटकेचा श्वास टाकला, सुटका त्यांचीच असल्यासारखा, आणि अगदी नम्रपणे म्हणाले, की पाहिलंत ना मॅडम, म्हणूनच आम्ही अत्यावश्यक लिहितो. बाईंनी प्लंबरला उलटं फिरवायला सांगितलं. व्हॉल्व्ह सुटला, पाइप खोकला आणि बराक चारमधून बादल्या आपटल्याचा आवाज आला.

मग त्यांनी मामाला विचारलं, की हे नकाशात का नाही. तो म्हणाला, आठवलं नाही. हात करतो, डोक्याला विचारायची वेळ येत नाही.

"असं अजून किती राहिलंय?"

आता इथं कोणीही शहाणा माणूस काही नाही म्हणाला असता.

"एकंदर एकेचाळीस व्हॉल्व्ह आहेत," मामा म्हणाला. "त्यातले उलटे किती, ते प्रत्येकाला हात लावल्याशिवाय सांगता येणार नाही."

अधीक्षकांनी वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. आम्हाला हे कळलं तेव्हा मामीनं इस्त्री उभी केली, तिचं बटण बंद केलं आणि म्हणाली, कोर्टातही असंच बोलले होते.

आम्ही धरून चाललो, की संपलं. पण बाईंनी अहवालात अधीक्षकांचं ते टिपण घेतलं आणि खाली आपली तीन वाक्यं लिहिली. कैदी चाचणीत स्वतःच्या सुटकेविरुद्ध बोलला. त्याच्या वर्तणुकीबद्दल मला आणखी काही विचारायचं नाही. आणि चौदाशे माणसांचं पाणी स्वतःच्या डोक्यात सांभाळण्याची शिक्षा कोणत्याही न्यायालयानं त्याला दिलेली नव्हती. आरोप रद्द झाला. कापलेले नव्वद दिवस सन्मानानं परत मिळाले, ते कुठे जमा झाले तेही कळलं नाही. तात्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. त्यांच्या फाईलवर घरचे न्यायला तयार नाहीत असा शेरा आहे, त्यामुळे बरे झाले तरी ते परत तिथेच येणार.

समिती चार महिन्यांनी बसली. तोवर मामा लाल रंगाचा डबा घेऊन एकेका व्हॉल्व्हला हात लावत, शेजारी बाण काढत फिरत होता, आता रीतसर परवानगीनं. मंगळवारी दुपारी सुटकेचा आदेश आला तेव्हा सव्वीस बाण झाले होते.

मामानं कारकुनाकडे दोन दिवस मागितले. पंधरा राहिलेत, एवढे करून जातो म्हणाला. कारकून वीस वर्षं त्याच टेबलावर होता, आणि मामाच्या प्रत्येक अर्जावर तरतूद नाही असं त्यानंच लिहिलं होतं.

"नाही जमणार," तो म्हणाला. "आदेश आल्यावर एक तासही आत ठेवता येत नाही. मानवी हक्कांचा प्रश्न येतो."

चार वाजता मामाला बाहेर काढलं. अंगावर वीस वर्षांपूर्वीचा शर्ट, खांद्यात घट्ट, पोटावर सैल. मामी फाटकाशी पिशवी घेऊन उभी होती. काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं असणार, कारण येताना गाडीत ती स्वतःशीच पुटपुटत होती. मामा तिच्याजवळ आला, तिच्या खांद्याला हात लावला, मग म्हणाला, एक मिनिट, आणि परत फाटकाकडे वळला.

फाटकातल्या छोट्या खिडकीपलीकडे जमादार कागद-पेन्सिल घेऊन उभा होता. मामा बाहेरून सांगत होता, तो आतून लिहीत होता. धोबीघाटामागचा सरळ. दवाखान्याचा पहिला उलटा, दुसरा सरळ, पण दुसऱ्याला जोर लावू नका. मधेच मामा डोळे मिटून हवेत पाना फिरवायचा, हात कुठल्या बाजूला जातो ते बघायचा आणि मग सांगायचा. मी गाडीवाल्याला दोनदा थांबायला सांगितलं.

पाऊण तासानं मामी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"झालं का?"

"तीन राहिलेत," मामा डोळे न उघडता म्हणाला.

मामीनं पिशवी फाटकाच्या पायरीवर ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि खाली बसली.